बाबांनी परत म्हणायचं होतं

त्या रविवारी बाबांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. एकच! तेही मराठीत, ओळखीच्या बाईशी, हसून. मी शाळेत अख्ख्या असेम्ब्लीसमोर 'सॅटेलाइट टीव्ही : वरदान की शाप' या विषयावर इंग्लिशमध्ये बोलून पहिलं बक्षीस आणलं होतं, आणि खरं सांगते, मला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच जोरात बोलता आलं असतं. तेव्हापासून मी कोणाशीही बोलू शकते. रिक्षावाला, प्रिन्सिपल मॅडम, केबलवाला, कोणीही समोर आणा. पण हे वाक्य माझ्या तोंडून चालणार नव्हतं. ते मोठ्यांनीच म्हणायचं असतं.

वाक्य असं होतं : "वहिनी, अक्षयाला आमच्याकडे राहू द्या."

अक्षया माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही समोरासमोर राहायचो. मग बाबांनी सोसायटीत फ्लॅट घेतला आणि आम्ही यमुनेपलीकडे नोएडाला आलो. शाळा मात्र मी सोडली नाही. शाळेची बस पुलावरून येते, मला घेते, आणि बसमधून उतरले की गेटवर अक्षया उभी. सगळं मस्त चाललं होतं. तेवढ्यात तिच्या बाबांची, म्हणजे विश्वास काकांची, नागपूरला बदली झाली. ते पुढे गेले. मागोमाग अहिल्या काकू आणि अक्षया जाणार. आम्ही नववीत. पुढच्या वर्षी बोर्ड. ऐन वेळी शाळा बदलायची, मास्तर बदलायचे, मैत्रीण बदलायची?

मी घरी एक भाषण ठोकलं. आमच्या नव्या फ्लॅटमध्ये एक जादा खोली आहे, बिल्डरच्या कागदावर तिचं नाव 'स्टडी' आहे आणि आत बॅगा आणि शिलाई मशीन आहे. अक्षया तिथे राहील. दहावी होईपर्यंत. आई म्हणाली, राहू दे की, माझ्या दोन मुली. बाबा म्हणाले, हरकत नाही. आता फक्त विचारायचं उरलं होतं, आणि नेमकी त्याच आठवड्यात आई पुण्याला गेली, मावशीच्या बाळंतपणाला. फोन करायचं काम आलं बाबांवर.

बाबांनी फोन केला. मी बाजूलाच उभी होते. बाबांनी वाक्य नीट म्हटलं. पलीकडून अहिल्या काकू काय म्हणाल्या ते मला रिसीव्हरमधून ऐकूसुद्धा आलं : "अहो भाऊजी, कशाला उगाच तुम्हाला त्रास?"

आणि बाबा म्हणाले, "बरं. ठीक आहे मग. जशी तुमची इच्छा."

आणि त्यांनी फोन ठेवला!

"बाबा, हे काय केलंत?"

"त्या नको म्हणाल्या."

"नको कुठे म्हणाल्या? त्रास म्हणाल्या!"

"तेच ते."

रात्री आईचा पुण्याहून एसटीडी आला. मी आधी सगळं सांगून टाकलं, मग रिसीव्हर बाबांच्या कानाला लावला. आईचा आवाज बाहेर हॉलभर ऐकू येत होता. "अहो, ठीक आहे काय ठीक आहे? पहिल्यांदा माणूस नको म्हणणारच! पानात लाडू वाढताना कोणी नको म्हटलं तर आपण डबा बंद करून आत जातो का? परत म्हणायचं असतं. तोंडावर म्हणा. दोनदा म्हणा. तीनदा म्हणा."

आमच्या घरात आग्रह हे आईचं खातं आहे. बाबा अर्थखात्यात सेक्शन ऑफिसर आहेत. तिथे एकदा 'नाही' असा शेरा आला की फाइल बंद होते, आणि त्यांना ते आवडतंही.

सोमवारी शाळेत अक्षया म्हणाली, "आई म्हणते, भाऊजी म्हणायचं म्हणून म्हणाले. मनात असतं तर परत म्हणाले असते."

"अगं, मनात आहे! मी सांगते ना!"

"मी पण सांगितलं. आई म्हणते, तुम्ही पोरींनी ठरवून काय होतं? तुझी आई नीला इथे असती तर गोष्ट वेगळी."

"आणि काकूंच्या मनात काय आहे?"

अक्षया माझ्या कानाशी आली. "तिला हवंय गं. नागपूरला अजून क्वार्टर मिळालेलं नाही, सगळ्यांनी आत्याकडे राहायचंय, एका खोलीत. आई म्हणाली, परत म्हणाले तर मी हो म्हणेन. पण आपण होऊन कसं विचारायचं?"

म्हणजे बघा. काकूंना हो म्हणायचं होतं. बाबांना विचारायचं होतं. मध्ये फक्त एक 'परत' होतं.

पण ते 'परत' जुळेना. दिल्ली सोडायची म्हणून काकूंनी घरचा फोन सरेंडर करून टाकला होता. बाबांचे बजेटचे दिवस. फेब्रुवारी तोंडावर आला की त्यांच्या ऑफिसात शनिवारसुद्धा सुट्टीचा वार राहत नाही, शनिवारीही त्यांना बोलावलं. आणि पुढच्या सोमवारी सकाळी काकूंची गाडी. उरला रविवार. रविवारी काकू आमच्या बाजूच्या सेक्टरमध्ये इंदुमती काकूंकडे हळदीकुंकवाला येणार होत्या. तिथे बाबा जाऊ शकत नव्हते, बायकांचा कार्यक्रम. आमचं घर काकूंनी पाहिलेलं नव्हतं, आणि आमच्या नव्या ब्लॉकांना अजून धड नंबर नव्हते, रिक्षावाले उलट आम्हालाच पत्ता विचारायचे. त्याच रविवारी आमच्या बाजारातल्या रस्त्यावर व्यापाऱ्यांचा बसंत कार्निव्हल होता. त्याचं स्टेज लांबून दिसायचं. म्हणून असं ठरलं : हळदीकुंकू आटपून काकू आणि अक्षया पाच वाजता स्टेजच्या डाव्या बाजूला येतील, आम्ही तिथून त्यांना चहाला घरी नेऊ, आणि चहा घेता घेता बाबा परत म्हणतील.

इतका सोपा प्लॅन होता, यार.

रिक्षात मी बाबांची तालीम घेतली.

"म्हणा."

"वहिनी, त्या दिवशी फोनवर जो विषय निघाला होता, त्यावर आपण फेरविचार करावा अशी…"

"बाबा! ही फाइल नाही!"

"मग काय म्हणू?"

"म्हणा, वहिनी, तुम्ही काही बोलू नका, अक्षया आमच्याकडेच राहणार, नीलाने खोलीसुद्धा रिकामी केली आहे."

"खोलीत तर बॅगा आहेत."

"बाबा, यार!"

"बापाला यार म्हणू नये," बाबा म्हणाले, पण त्यांना हसू आलं. मग पुढे कोपऱ्यापर्यंत ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिले. मफलर गुंडाळलेला, हातात पिशवी, आणि तोंडाने काहीतरी चाललेलं. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईने त्यांना नमस्कारच केला, तिला वाटलं जप चाललाय.

बाजाराच्या तोंडाशीच रिक्षा अडली. पुढे नुसती डोकी.

मी गर्दी पाहिलेली आहे. सरोजिनी नगरच्या बाजारात दिवाळीआधीच्या रविवारी मी कपडे घेतलेले आहेत. पण ती गर्दी पुढे तरी सरकते. ही गर्दी आली होती आणि आता तिला कळत नव्हतं की आपण कशाला आलो. रस्ता मुळात अरुंद, त्यात एका बाजूने टेलिफोनच्या केबलसाठी खणून ठेवलेला, आणि मातीच्या ढिगावर चाऊमीनचा स्टॉल. त्यापुढे आलू टिक्की, पेजर विकणारे, डिश अँटेना विकणारे, आणि एका बिल्डरने थर्माकोलची अख्खी सोसायटी करून ठेवली होती, तिच्यात थर्माकोलची झाडं, थर्माकोलच्या मोटारी, आणि माणूस एकही नाही. वर हवेत कोल्ड्रिंकची दुमजली फुग्याची बाटली, वाकलेली. शेवटाला आकाशपाळणा. मी म्हटलं, वा! काय भारी आहे! आणि तेवढ्यात माझ्या पायावर कोणीतरी पाय दिला.

स्टेजची डावी बाजू नव्हतीच. म्हणजे होती, पण तिथे दोऱ्या बांधून आत सोफे ठेवले होते, पाहुण्यांसाठी. सोफ्यांवर पाहुणे नव्हते, पाहुण्यांची मुलं उड्या मारत होती. दोरीजवळ उभं राहिलं की एक जण काठी हलवत यायचा. "पीछे, पीछे." आम्ही मागे सरलो. तिथून कोणीतरी पुढे ढकललं. परत काठी. बाबा प्रत्येक वेळी त्याला "हाँ जी, सॉरी" म्हणत होते.

"बाबा, तुमची इथे कोणाशी ओळख नाही का?"

मी सहज विचारलं. सरोजिनी नगरला बाबांची सगळीकडे ओळख होती. पोस्टात, डिस्पेन्सरीत, दुधाच्या बूथवर. गणपतीत मांडवाचा परवाना त्यांच्या एका फोनवर यायचा. बाबांनी मान वर करून सगळीकडे पाहिलं, अगदी मनापासून पाहिलं, आणि म्हणाले, "नाही गं. इथे मी कोणालाच ओळखत नाही."

पाच वाजून गेले. साडेपाच झाले. हळदीकुंकवाचं माहीतच आहे, दोन मिनिटांसाठी म्हणून गेलेली बाई गाणं झाल्याशिवाय, उखाणे झाल्याशिवाय, वाण घेतल्याशिवाय आणि दारात पुन्हा पंधरा मिनिटं बोलल्याशिवाय बाहेर पडत नाही. आम्ही थांबलो. ऊन गेलं, थंडी पडली, आणि जे येत होते ते येतच राहिले. जाणारा कोणी दिसेना.

मी म्हटलं, बस. आता मी बघते. कोपर मारत मारत मी स्टेजच्या पायरीशी पोहोचले. वर चमकदार जाकिटातला एक अनाउन्सर होता, घसा बसलेला, तरी ओरडणारा. दोन अनाउन्समेंटच्या मध्ये तो पाणी प्यायला खाली वाकला तेव्हा मी त्याला गाठलं.

"अंकल, एक अनाउन्समेंट करनी है. बस एक लाइन."

"बेटा, लकी ड्रॉ के बाद."

"अंकल, बहुत ज़रूरी है. मैं खुद बोल दूँगी, मुझे माइक पे बोलना आता है!"

"बेटा, एक लाइन तो यहाँ सबको बोलनी है." तो दमला होता, पण माणूस चांगला होता. त्याने खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "नाम बताओ." मी अक्षयाचं आणि माझं, हेमांगी, अशी दोन्ही नावं सांगितली, त्याने ती आपल्या तळहातावर लिहून घेतली. "पक्का बोल दूँगा."

मी उड्या मारत बाबांपाशी परतले. म्हणजे उड्या मारायला जागा नव्हती, मनातल्या मनात. "बाबा, काम झालं! आपण फक्त इथून हलायचं नाही."

तेवढ्यात स्टेजवरून फुकटच्या टोप्या फेकायला सुरुवात झाली.

त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. मागचे सगळे पुढे आले आणि पुढचे सगळे बाजूला गेले, आणि आम्ही त्या बाजूला जाणाऱ्यांत होतो. माझे पाय खाली लागत होते की नाही कोण जाणे. मी बाबांचा मफलर पकडला होता, बाबा ओरडत होते, "अगं, गळा, गळा!" एक टोपी माझ्या डोक्यावर पडली आणि दुसऱ्या सेकंदाला कोणीतरी उचलून नेली. थर्माकोलची सोसायटी आमच्या डोळ्यांसमोर आडवी झाली. जेव्हा थांबलो तेव्हा आम्ही रस्त्याच्या पार शेवटाला होतो, आकाशपाळण्याच्या जाळीला चिकटलेले, आणि स्टेज तिकडे लांब, मध्ये सगळं नोएडा.

परत जायचा प्रयत्न आम्ही केला. बिल्कुल केला. चार पावलं पुढे, सहा मागे.

तेव्हा मला ती आयडिया सुचली. "बाबा, आपण पाळण्यात बसू! वरून सगळं दिसेल. त्या कुठे आहेत ते बघू आणि खाली उतरून सरळ तिकडे जाऊ."

"मला उंचीवर त्रास होतो."

"डोळे मिटून बसा. बघायचं काम माझं."

"मग तू एकटी बस."

"एकटीला सोडणार तुम्ही मला? या गर्दीत?"

बाबांनी तिकिटाचे पैसे काढले. पाळण्याची रांग छोटी होती, कारण तिथपर्यंत पोहोचूच कोणी शकत नव्हतं. आम्ही बसलो. समोर आडवी दांडी लावली. बाबांनी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे गच्च मिटले. पाळणा एकेक डबा भरत, थांबत थांबत वर चढू लागला. दिव्यांची माळ, फुग्याची बाटली, चाऊमीनचा धूर, सगळं हळूहळू पायांखाली गेलं. अगदी वर पोहोचल्यावर थंड वारा लागला आणि मला यमुनेकडचे दिवेसुद्धा दिसले. काय सुंदर दिसत होतं! मी बाबांना म्हटलं, बघा तरी. ते म्हणाले, "तू अक्षया बघ."

आणि तेव्हाच स्पीकरमधून आवाज आला. त्या घसा बसलेल्या अंकलने शब्द पाळला होता.

"अक्षया जी! अक्षया जी, आप जहाँ कहीं भी हैं, स्टेज के पास आ जाइए! हेमांगी जी यहाँ आपका इंतज़ार कर रही हैं! स्टेज के पास!"

"अरे देवा," मी म्हटलं.

मग त्या दिसल्या. स्टेजच्या उजव्या बाजूने गर्दी फोडत येणारी एक नारिंगी प्लॅस्टिकची परडी मला आधी दिसली. त्या वर्षी सगळ्या बायका वाण म्हणून प्लॅस्टिकच्या परड्याच देत होत्या. परडी डोक्याच्या वर धरलेल्या अहिल्या काकू, आणि त्यांचा हात धरून शाळेच्या मरून स्वेटरमध्ये अक्षया. त्या स्टेजच्या पायरीशी पोहोचल्या. अक्षयाने वर बघून काहीतरी विचारलं. अनाउन्सरने चारी दिशांना पाहिलं आणि हात पसरले. अक्षया टाचा उंचावून मला शोधायला लागली. डावीकडे, उजवीकडे, मागे. वर सोडून सगळीकडे.

"अक्षयाऽऽ! वर बघ! वऽऽर!"

मी दांडीवर वाकून ओरडले. डबा हलला. बाबा म्हणाले, "हेमा, खाली बस, खाली बस, हेमा!"

"बाबा, त्या तिथे आहेत! दिसतायत मला! आता पाळणा खाली गेला की…"

आणि लाइट गेली.

सगळी. माळा, स्टेज, स्पीकर, दुकानं, पलीकडचे सगळे ब्लॉक. एका झटक्यात. पाळणा कचकन थांबला आणि आमचा डबा टोकावर झुलत राहिला. आणि मग खालून तो आवाज आला, लाइट गेल्यावर दिल्लीत येतो तो, हजार माणसं एकदम, "ओऽऽऽऽऽ!" मजेत. पोरं शिट्ट्या मारत होती. मी त्या आवाजात ओरडत होते, "अक्षयाऽऽ! अहिल्या काकूऽऽ! आम्ही वर आहोत!" आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. भाषणाचं पहिलं बक्षीस! खालच्या डब्यातला एक मुलगा माझी नक्कल करून "अक्षयाऽऽ" ओरडला, मग दोघं ओरडले, मग सगळा पाळणाच ओरडायला लागला. खाली ते कोणाला कळत होतं? खाली ती गंमत होती.

"अंकल, नीचे उतारो!" मी ओरडले.

"मैडम, जनरेटर वाला आ रहा है," अंधारातून उत्तर आलं. "दो मिनट."

ती दोन मिनिटं किती झाली मला माहीत नाही. थोड्या वेळाने माझा घसा बसला आणि मी मागे टेकून बसले. शेजारी बाबा अजून डोळे मिटून होते, अंधारातसुद्धा. मग ते हळूच बोलायला लागले. मला वाटलं, देवाचं म्हणतायत.

"वहिनी," बाबा म्हणत होते, "हे बघा, त्रास कसला? अक्षया आमच्या डोळ्यांसमोर मोठी झाली. आमच्या हेमाला भावंड नाही. ती असली की घर भरल्यासारखं वाटतं. नवीन जागेत आम्हालाही अजून करमत नाही हो, खरं सांगतो. तुम्ही नाही म्हणू नका. विश्वासशी मी बोलतो. दहावी होऊ द्या, मग घेऊन जा. तेव्हाही आम्ही सुखासुखी सोडणार नाही, ते वेगळं."

आईलाही इतकं छान जमलं नसतं.

"बाबा," मी म्हटलं, "अगदी असंच म्हणा. खाली."

"जमेल ना असंच?"

"बिल्कुल जमेल."

जनरेटर आला, तेव्हा फक्त पाळणा सुरू झाला आणि स्टेजवरचे दोन दिवे लागले. आम्हाला उतरवायला त्यांनी तितकाच वेळ लावला, एकेक डबा रिकामा करत करत. उतरल्यावर आम्ही पळालो. आता गर्दी उलटी, बाहेर जायला निघालेली, म्हणून स्टेजपर्यंत तरी पोहोचलो. अनाउन्सरने मला ओळखलं आणि आपला तळहातच दाखवला. "बेटा, बोला तो था! आई थीं दोनों. बहुत देर खड़ी रहीं. आंटी बोलीं अँधेरा हो गया, बस निकल जाएगी, सुबह ट्रेन है. तुम कहाँ चली गई थीं?"

कुठे गेले होते मी! मी वर बोट दाखवलं. त्याला काही कळलं नाही.

बसस्टॉप बाजाराच्या त्या तोंडाला. बाबा पुढे, मी मागे. ऑफिसला जाताना बस समोर असली तरी न धावणारे बाबा धावत होते, मफलर लोंबत, पिशवी पायांत येत. स्टॉपवर दिल्लीला जाणारी एक प्रायव्हेट बस उभी होती, खचाखच भरलेली, दाराला माणसं लटकलेली, कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता पण बस हलत नव्हती, कारण पुढे गर्दीने सगळाच रस्ता अडवला होता. आणि मधल्या खिडकीत नारिंगी परडी.

"अक्षयाऽऽ!"

या वेळी तिने पाहिलं. तिचे डोळे एवढे मोठे झाले. तिने खिडकीची काच धरून ओढली, काच थोडी सरकली, तिचा आवाज आला, "हेमा, अगं कुठे होतीस तू, आम्ही…" आणि तिच्या मागच्या सीटवरच्या माकडटोपीवाल्या गृहस्थाने हात लांब करून काच धाडकन लावून टाकली. थंडी! तिने परत ओढली, त्याने परत लावली आणि या वेळी हात काचेवरच ठेवला. आत काहीतरी बाचाबाची झाली, आम्हाला नुसती तोंडं दिसली. मी दाराकडे गेले. दारातून माझी वेणीसुद्धा आत गेली नसती.

"बाबा, म्हणा!" मी ओरडले. "काकू बघतायत, म्हणा!"

काकू खरंच बघत होत्या. अक्षयाच्या खांद्यावरून वाकून, बाबांना ओळखून, छान हसून. बाबा खिडकीखाली उभे राहिले. मान वर करून म्हणाले, "वहिनी!" काकूंनी कानाला हात लावून मान हलवली, ऐकू येत नाही. मागे पाच-सहा हॉर्न एकदम वाजत होते.

मग बाबांनी हातांनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी अक्षयाकडे बोट दाखवलं. मग आमच्या घराच्या दिशेला, सेक्टरकडे. मग दोन्ही हात छातीशी नेले. मग जोडले. सगळं बरोबर होतं. मला तर शब्दन् शब्द कळला. अक्षयालाही कळला, तिने तोंडावर हात ठेवला.

काकूंनी पाहिलं, आमच्या सेक्टरकडे बघितलं, आणि त्या आणखी हसल्या. त्यांनी परडी उचलून दाखवली. मग पोटावर हात ठेवून मान डोलावली, पोट अगदी भरलंय हो. मग हात जोडले. नको, नको.

"बाबा, त्यांना वाटतंय आपण जेवायला बोलावतोय!"

"मग काय करू?"

"परत म्हणा!"

बाबांनी परत म्हटलं. या वेळी आणखी मोठ्या हातवाऱ्यांनी. अक्षया. घर. छाती. नमस्कार. पिशवी मनगटावर लटकत होती, चष्मा नाकावर घसरला होता. लोक बघत होते. आमचे बाबा, ज्यांना हॉटेलात वेटरला हाक मारायला लाज वाटते! काकूंनी परत पोटावर हात ठेवला, परत हात जोडले, आणि बोटाने गोल करून दाखवलं, पुढच्या वेळी, पुढच्या वेळी नक्की. अक्षया त्यांची शाल ओढून ओढून काहीतरी सांगत होती. काकू बाबांकडे बघत होत्या, आग्रह करणाऱ्याकडे पाठ कशी करायची म्हणून, आणि हाताने तिला थोपटून गप्प करत होत्या.

पुढचा रस्ता मोकळा झाला. कंडक्टरने शिट्टी मारली.

"तीनदा, बाबा! तीनदा म्हणायचं असतं!"

बस हलली. बाबा तिच्या बाजूने चालायला लागले, मग धावायला लागले. तेच, अक्षया, घर, छाती. धावताना हात जोडता येत नव्हते म्हणून एकच हात कपाळाशी नेत होते. मी त्यांच्या मागे धावत होते आणि ओरडायला माझ्याकडे आवाज उरला नव्हता. खिडकीत अक्षया काचेवर थापा मारत होती, रडत होती. तिच्या मागून काकू हात हलवत होत्या, शेवटपर्यंत, हसून, तृप्तपणे, एखाद्या घरी खूप आग्रह झालेल्या माणसासारख्या.